सवयीनं म्हटलेलं व्हय

धोंडूच्या तोंडाभोवती कोणीतरी लाल वर्तुळ काढलं होतं. सकाळचा चहा मी कीबोर्डच्या बाजूला ठेवला होता, कॉम्प्युटरचा पंखा घरघरत सुरू झाला होता, आणि आमच्या 'खालचीवाडी गजाली' या ग्रुपवर सगळ्यात वरती माझा सख्खा धाकटा भाऊ उघड्या तोंडाने उभा. हातात नारळ, कपाळाला कुंकू, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी निवडणुकीला उभ्या असलेल्या उमेदवाराचा हात जोडलेला, हसरा फोटो. दोघांच्या मधोमध कडाडणारी वीज. आणि खाली पिवळ्या जाड्या अक्षरांत, 'देवाला साकडं की उमेदवारावर करणी? मालवणच्या रापणकाराचा व्हिडिओ व्हायरल!' मी आयुष्यभर छापखान्यात मथळे जुळवले. पहिल्यांदा काय दिसलं असेल तर ते त्या अक्षरांमधलं वेडंवाकडं अंतर. मग अर्थ आला, आणि मी चहाचा कप बाजूला सारला. आत जानकी, माझी भावजय, भाकऱ्या थापत होती. बाहेरच्या पडवीत धोंडू फाटलेलं जाळं तुणत बसला होता. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन. आपलं तोंड लाल वर्तुळात अडकलंय हे त्याला माहीतच नव्हतं.

व्हिडिओ मी पाहिला. परत पाहिला. नारळी पौर्णिमेचा होता तो. त्या दिवशी रापण संघाची, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळं ओढून मासळी धरणारी, सगळी मंडळी किनाऱ्यावर जमते, दर्याला नारळ द्यायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घातलं जातं, आणि आमच्या वाडीत ते घालायचा मान आमच्या घराचा. आधी बाबा घालायचे, आता धोंडू घालतो. गणपतने ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं आणि कौतुकाने ग्रुपवर टाकलं होतं. गणपत म्हणजे आमच्या ग्रुपचा चालक, एरवी पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो. तेव्हा सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, दोन-चार फुलं टाकली, आणि विसरले. आता निवडणूक आल्यावर, मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवणाऱ्या स्वरूपने तो व्हिडिओ उचलला आणि मधूनच कापला. धोंडूचे मूळ शब्द असे होते: 'बा देवा म्हाराजा, जे कोण दर्यात दिवे लावून पोराबाळांच्या तोंडातलो घास काढून नेतत, तेंची बुद्धी ठिकाणार आण, तेंका वाटेर आण, आणि वाटेर येनत नाय तर तेंचो हिशोब तूच बघ रे म्हाराजा!' आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली होती, 'व्हय म्हाराजा!' स्वरूपच्या चॅनेलवर काय उरलं? 'तेंचो हिशोब तूच बघ.' एवढंच. बुद्धी गेली, वाट गेली, पोराबाळांचा घास गेला. हिशोब तेवढा राहिला, आणि त्याच्या शेजारी उमेदवाराचा फोटो.

मला सांगा, त्या गाऱ्हाण्यात नाव कुठे आहे? गाऱ्हाण्यात नाव नसतंच. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. गाऱ्हाण्यात 'जे कोण' असतं. जे कोण वाईट चिंतीत असतील, जे कोण वाट अडवीत असतील, जे कोण परदेशी असतील, जे कोण आजारी असतील. नाव घ्यायचं नाही, कारण माणूस चुकतो, आज चोर वाटला तो उद्या साव निघतो. म्हणून नाव शोधायचं काम देवाकडे सोपवायचं आणि आपण नारळ ठेवून घरी यायचं. किती शहाणी रीत आहे ही! रात्रीच्या काळोखात प्रचंड दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या बोटींवर आमच्या रापणवाल्यांचा राग आहे, तो काही लपलेला नाही. पण त्या बोटी कोणाच्या, त्यांच्यामागे कोण, हे धोंडूने म्हटलं नव्हतं, मीही म्हणत नाही, कारण मला माहीत नाही. उमेदवाराचा फोटो धोंडूने लावला नाही. तो स्वरूपने लावला. म्हणजे नाव कोणी घेतलं? पण हे विचारायला डोकं लागतं, आणि ग्रुपवर लोक डोकं घेऊन येत नाहीत, अंगठा घेऊन येतात.

तरी मला वाटलं होतं, वाडीची माणसं तरी बोलतील. व्हिडिओत त्यांचेच आवाज आहेत. डोळे मिटून ऐकलं तरी मी एकेक आवाज ओळखून दाखवीन. 'व्हय म्हाराजा'मधला सगळ्यात खडा आवाज गणपतचा. लहानपणी देवळात हे ऐकताना माझ्या छातीत काहीतरी हलायचं. एवढे सगळे बापये, एरवी वावभर बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारे, त्या घडीला एका श्वासात व्हय म्हणायचे, आणि मला वाटायचं, आता कोणाचं काही वाईट होणार नाही. आणि आता पाहा. ग्रुपवर पहिला निरोप कोणाचा, तर गणपतचा. 'सर्वांना नम्र विनंती, सदर व्हिडिओशी ग्रुपचा काहीही संबंध नाही.' सदर! गजालीला, गप्पा मारायला बसला की ज्याच्या तोंडातून शिवीशिवाय वाक्य निघत नाही तो मेला 'सदर' म्हणतो. भीती वाटली की आमची माणसं कचेरीतली मराठी बोलायला लागतात. मग दुसरा म्हणाला, 'आम्ही फक्त उपस्थित होतो.' तिसरा म्हणाला, 'धोंडूदादान असा बोलाक नको होता.' मी टाइप केलं, 'बोलला तेव्हा व्हय कोणी म्हटलं?' वरती 'टायपिंग', 'टायपिंग' असं दिसायचं आणि विझायचं. मग गणपतने लिहिलं, 'आक्का, ता सवयीन म्हटला.'

सवयीन म्हटला. हे वाचून मी उठले आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. खिडकीच्या लोखंडी गजांना खारं वारं लागून पोपडे आलेत, त्यातला एक मी नखाने उकलत राहिले. शिवी दिली असती तर चाललं असतं. 'धोंडू चुकला' म्हटलं असतं तरी भांडता आलं असतं. पण सवयीन? मग बाबा एवढी वर्षं जे गाऱ्हाणं घालत होते, वादळात होडी परतली नाही तेव्हा रडत घातलं होतं ते, रोगराईत घातलं होतं ते, त्या सगळ्याला माणसं सवयीनच व्हय म्हणत होती का? उचलली जीभ लावली टाळ्याला? मला बाबांचा आवाज आठवेना. आठवायला गेले की त्याच्यावर ग्रुपचा टुंग असा आवाज वाजायचा.

माझा कॉम्प्युटर हा ग्रुपवर चेष्टेचा जुना विषय. मागे हे एवढं बोचकं निघालेला मॉनिटर, सुरू होताना गिरणीसारखा आवाज, पडद्याच्या वरच्या अंगाला कायमची पिवळी पट्टी, तिच्यावर लिहिलेलं की आता हे चालणार नाही, नवीन घ्या. धोंडू त्याला पेटी म्हणतो, आणि मला बाय. 'बायेची पेटी सुरू झाली' म्हणतो, आणि पडवीत निघून जातो. आमचं साप्ताहिक बंद पडलं तेव्हा संपादकांनी तो मला दिला. मालवण बाजारातल्या एका माडीवर आम्ही ते साप्ताहिक काढायचो. संपादक लिहायचे, मी जुळवायची, आणि बुधवारी सगळी माडी शाईच्या वासाने भरून जायची. संपादक स्वभावाने खवीस माणूस. मथळ्यात प्रश्नचिन्ह दिसलं की पेन फेकून मारायचे. म्हणायचे, 'विचारायचं आहे ना? मग जाऊन विचारून ये. उत्तर मिळालं की छापू.' हा कॉम्प्युटर घरी आला तेव्हा तो जोडून कोणी दिला? स्वरूपने. तेव्हा नुकता कॉलेज सोडलेला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान टाकलेलं पोर. महिन्यातून एकदा तरी यायचा, मशीन उघडायचा, ब्रशने धूळ झाडायचा, त्यातून पाली-झुरळं काढायचा, आणि जानकीच्या हातची पेज आणि सुका बांगडा जेवून जायचा. 'आक्का, ह्या मशीन मराचा नाय, तुझ्यासारख्या टिकाऊ आसा,' म्हणायचा. मग लोकांनी मोठे कॉम्प्युटर घेणं सोडलं, सगळं फोनवर आलं, दुकान बंद झालं, आणि एक दिवस तोच फोन काठीला लावून स्वरूप पत्रकार झाला. 'दर्यावाणी न्यूज'. मीच पहिली होते त्याला शाबासकी देणारी.

मी ठरवलं, सगळं गाऱ्हाणं अथपासून इतिपर्यंत लिहून टाकायचं. लोकांना पूर्ण वाचू दे, मग बोलू दे. धोंडूचं गाऱ्हाणं मला पाठ आहे. बाबांचंच ते, थोडं इकडेतिकडे. दुपारभर बसून मी ते टाइप केलं. बोटं आपोआप छापखान्यातल्या जुन्या फॉण्टवर गेली. त्याच अक्षरांत माझे हात वाढले, नव्या पद्धतीने टाइप करायला गेले की दर शब्दाला ठेच लागते. पडद्यावर किती सुंदर दिसत होतं! प्रत्येक काना जागेवर, प्रत्येक वेलांटी भरीव. 'जे कोण'च्या खाली मी रेघ मारली. उचललं, आणि ग्रुपवर चिकटवलं, आणि पाठवलं. तिथे काय उमटलं? इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, उलटे स्वल्पविराम, सगळा कचरा. जुना फॉण्ट त्या फोनांना कुठला कळायला! मला हे ठाऊक होतं, छापखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण रागात कोणाचं लक्ष राहतं. दुरुस्त करेपर्यंत ग्रुपवर हशा सुरू झाला होता. 'आक्का, ही देवाची भाशा काय गो?' 'आक्कान पण करणी केल्यान!' 'तुझ्या पेटयेत अजून फ्लॉपी घालतंस?' आणि मग जे सुरू झालं त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. फ्लॉपीवरून त्यांना आपापले जुने कॉम्प्युटर आठवले. मुंबईला गेलेले, दुबईला गेलेले, वर्षानुवर्षं ग्रुपवर एक अक्षर न काढणारे जागे झाले. कोणी लिहिलं, इंटरनेट लावताना फोनमधून कसा किंचाळल्यासारखा आवाज यायचा. कोणी लिहिलं, कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायला लागायचं. कोणी मॉनिटरला घातलेल्या नक्षीच्या झालरीचा फोटो टाकला. कोणी म्हणाला, 'ते दिवस परत येणार नाहीत, डोळ्यात पाणी आलं.' डोळ्यात पाणी! धोंडू पडवीत बसलाय, बाजारातून येताना दोन अनोळखी पोरांनी त्याच्याकडे बोट दाखवून 'करणीवाला' म्हटलंय, आणि यांना झालरी आठवून रडू येतंय. मी पूर्ण गाऱ्हाणं नव्या पद्धतीने परत टाइप करून टाकलं. ते त्या सगळ्या गहिवराच्या मध्ये कुठेतरी पडलं आणि वर सरकत सरकत दिसेनासं झालं. एकाने त्याच्यावर अंगठा लावला, तोही बहुतेक चुकून.

दुसऱ्या दिवशी स्वरूप मला बंदरावर भेटला. किल्ल्याला जाणाऱ्या होड्यांपाशी पर्यटकांची रांग होती, आणि तो काठी धरून कोणाला तरी निवडणुकीबद्दल विचारत होता. मला बघून त्याने काठी खाली केली.

"आक्का, बघलंस मां? धोंडूकाका फेमस झालो."

"मेल्या, तुका लाज आसा काय?"

"मी काय केलंय? मी करणी केली म्हणान म्हटलंय काय? प्रश्नचिन्ह लावलंय. प्रश्न इचारूचो हक्क आसा पत्रकाराक."

"मग इचारूक आमच्या घराक कित्याक येवक नाय? वाट ठावक नाय तुका? पेज जेवक येय होतंस तेवा बरी गावत होती."

"ता येगळा, ह्या येगळा," तो म्हणाला. तोंड मात्र पडलं त्याचं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाला, "बरा, काकाक इचारतंय. त्येंची बाजू पण घेतंय. झाला?"

मला तेव्हा वाटलं, जिंकले. आणि संध्याकाळी तो आमच्या पडवीत आला, काठीला फोन लावलेला, आणि स्वरूपने धोंडूच्या तोंडासमोर माइक धरून शुद्ध मराठीत विचारलं, "धोंडूकाका, आपण त्या दिवशी नेमकं कोणाचं नाव मनात धरलं होतं?" धोंडूने जाळ्यातून मान वर केली. त्याला काय उत्तर द्यायचं ते माहीत होतं, आमच्या वाडीत कोणालाही माहीत असतं. म्हणाला, "नाव देवाक ठावक." साधं, खरं उत्तर. गाऱ्हाणं घालणारा माणूस दुसरं काय म्हणणार? आणि सकाळी नवा मथळा: 'नाव देवाला माहीत! रापणकाराचा सूचक इशारा!' या वेळी प्रश्नचिन्ह नव्हतं. संपादक असते तर काय केलं असतं कोण जाणे. मी पडद्यासमोर बसून अक्षरशः शिव्या घातल्या, मोठ्याने, एकेक नाव घेऊन, आणि जानकी तव्यावरची भाकरी टाकून बघायला आली.

मग वाडीची बैठक बसली. देवळासमोरच्या मांडवात, भर दुपारी. जत्रा तोंडावर आली होती, आणि जत्रेच्या दिवशी धोंडूने गाऱ्हाणं घालायचं की नाही, हा प्रश्न. मान काढून घ्यायची कोणाची हिंमत नव्हती, तसं केलं तर देव कोपेल. आणि घालू द्यायचीही हिंमत नव्हती, तसं केलं तर उमेदवार कोपेल. बायका बैठकीला मांडवात बसत नाहीत, मी बाहेर तुळशीजवळ उभी होते, पण ऐकू सगळं येत होतं. गणपत म्हणाला, "धोंडूदादा, तू गाऱ्हाणा घाल, पण दर्याचा काय काढू नको. मोघम सांग."

"मोघमच सांगता तो!" मी बाहेरून ओरडले. "एवडी वर्सा मोघमच सांगता! नावा तुमी घातलास!"

सगळ्यांच्या माना वळल्या. धोंडूने माझ्याकडे बघितलंही नाही, जमिनीवरची एक काडी उचलून तिचे तुकडे करत राहिला. मग म्हणाला, "बरा." एवढंच. बरा! या एका शब्दाने माझं डोकं इतकं फिरलं की घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. दिवसभर किनाऱ्यावर बोलणारा माणूस, रापण ओढताना ज्याच्या हाकेवर दोन्हीकडचे दोर एकदम सरकतात, तो या चार टिनपाटांसमोर 'बरा' म्हणतो. त्याच्या जागी मी असते तर एकेकाच्या तोंडावर त्याचाच व्हय फेकून मारला असता. पण तो घरात येऊन पडवीत बसला, आणि तेव्हापासून बोलेनासाच झाला. किनाऱ्यावर जायचा, दोर ओढायचा, आपल्या वाट्याची मासळी घेऊन यायचा, जेवायचा, बसायचा. त्याची हाक आता दुसराच कोणी घालत होता म्हणे. मला हे सहन होईना. मला एकच भय वाटत होतं, आणि ते मी उघड सांगते: की जत्रेच्या दिवशी तो उभा राहील आणि गणपतने शिकवलेलं काहीतरी गुळमुळीत बोलेल, आणि त्यानंतर त्याचा आवाज कायमचा जाईल.

म्हणून मी भांडत राहिले. दुसरं काय करणार? सकाळी पेटी लावायची ती दुपार टळेपर्यंत. आमच्या गजालीवर, मग दर्यावाणीच्या व्हिडिओखाली, मग जिल्ह्याच्या कुठल्या कुठल्या ग्रुपांवर. बांद्याचा कोणी म्हणायचा, अशा लोकांना आत टाका. विजयदुर्गचा कोणी धोंडूची बाजू घ्यायचा, पण असली घ्यायचा की वाचून लाज वाटावी, आयाबहिणींवरून. दोघांनाही मी उत्तर द्यायची. एकाला समजावलं की दुसरा उगवायचा. कोणी म्हणायचा, ही बाई विकली गेलीय; कोणी म्हणायचा, हिचा फोटो टाका; कोणी माझ्या एका चुकलेल्या वेलांटीवर हसायचा. मी बाथरूममध्ये अंगावर पाणी घेतानाही उत्तरं जुळवायची, आणि एखादं चांगलं जमलं की तसाच ओला पंचा गुंडाळून टाइप करायला यायची. डोळे चुरचुरायचे. पडद्यावरून नजर काढली की भिंतीवरही अक्षरं सरकताना दिसायची. जानकी ताट झाकून ठेवायची, परत गरम करायची, परत झाकायची. "बायनू, दोन घास खावन घेवा गे," म्हणायची. मी म्हणायची, ठेव, येतंय. सुक्या बांगड्याचा वास यायचा, तरी मी उठायची नाही. एकदा धोंडू दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मी वळून पाहिलं नाही, कारण मी तेव्हा रेडीच्या एका माणसाला त्याच्याबद्दलच, धोंडूबद्दलच, खरं काय ते समजावून सांगत होते.

जत्रेचा दिवस उजाडला. देवळाला पताका, बाहेर खाजं आणि मालवणी लाडूंची दुकानं, पोरांच्या हातात पिपाण्या. दुपारच्या आरतीनंतर गाऱ्हाणं. बायकांच्या बाजूला मी पुढे जाऊन उभी राहिले. गाभाऱ्यासमोर धोंडू आला, धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. त्याने नारळ हातात घेतला, आणि एका झटक्यात सगळ्या मांडवात हात वर झाले. हात जोडण्यासाठी नव्हे. फोन धरण्यासाठी. समोर गणपत, बाजूला स्वरूप काठी घेऊन, खांबांना टेकलेले पोरगे, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळे. देव आणि धोंडू यांच्या मध्ये काचेची एक भिंत उभी राहिली. धोंडूने त्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग डोळे मिटले. त्याचे ओठ हलायला लागले.

आवाज आला नाही. आधी मला वाटलं, पिपाण्यांमुळे ऐकू येत नसेल. कोणीतरी पोरांना दटावलं. मांडव शांत झाला, तरी काही नाही. ओठ हलत होते, गळ्याची शीर हलत होती, मध्येच तो थांबायचा, व्हय म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबायचा, आणि पुढे जायचा. पण कोणाला कळेना कुठे व्हय म्हणायचं ते. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. सवयीन म्हणणाऱ्यांची सवयच तुटली होती. एकाने मध्येच चुकून 'व्ह...' केलं आणि गप्प बसला. गणपतने फोन कानाला लावून पाहिला, परत समोर धरला. हे किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मला ओरडायचं होतं, 'मोठ्यान सांग! तुझो मान आसा! कोणाक भितंस?' शेवटी त्याने नारळ देवापुढे ठेवला, वाकला, आणि कोणाकडेही न बघता बाजूच्या दाराने बाहेर गेला. माझ्या हातातल्या पिशवीत फोन थरथरायला लागला. घरी थांबलेले, दूर असलेले विचारत होते, आवाज का येत नाही, माइक बंद आहे का, परत टाका.

मी त्याच्या मागे गेले. देवळाच्या पाठीमागे विहीर आहे, तिथे तो हातपाय धूत होता.

"मेल्या, तोंडात मीठ धरलेलंस काय? सगळ्यांका काय वाटला आसतला? म्हणतले, भियालो. हेंच्यासाठी मी एवडी भांडलंय?"

त्याने सदऱ्याच्या टोकाने तोंड पुसलं. "सगळा सांगितलंय मी. काय एक सोडूक नाय."

"काय सांगितलंस? दर्याचा सांगितलंस?"

"सांगितलंय. मगे तुझ्यासाठी पण सांगितलंय."

"माझ्यासाठी? माका काय धाड भरली?"

"म्हटलंय, बा देवा म्हाराजा, माझ्या बायेक त्या पेटयेतसून भायर काड. दोन घास सुखान तिच्या पोटात जांवदेत. निजांदे तिका."

एक क्षणभर मला कळेचना, तो कोणाबद्दल बोलतोय. मग कळलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. "आणि ते? तो स्वरूप? तो गणपत? तुका करणीवालो म्हणणारे? तेंच्यासाठी काय मागूक नाय देवाकडे?"

"तेंका काय झालासा?" धोंडू म्हणाला. "बरे आसत ते. जेवतत, निजतत. वाटेर गावले तर माका हात पण करतत. आमच्या घरात जेवक नाय ती तू एकटी."

"मी तुझ्यासाठी भांडतंय रे!"

"ठावक आसा," तो म्हणाला. मग बऱ्याच दिवसांनी त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी खंय सांगितलंय, भांड म्हणान?"

एवढ्या अनोळखी लोकांना एवढी उत्तरं दिली होती मी, रांगेने, शुद्धलेखन तपासून. विहिरीच्या काठावर त्याच्या ओल्या पायांचे ठसे उमटले होते. पिशवीत फोन थरथरत होता. देवळातून माणसांचा गलबला येत होता, कोणीतरी मोठ्याने विचारत होतं, गाऱ्हाणं झालं की नाही झालं.

"कोणी व्हय म्हणूक नाय," धोंडू म्हणाला. "व्हय म्हणल्याबिगर ता पोचाचा नाय. तू म्हण."

"बायलमाणसा म्हणत नाय."

"हंय कोण बघता? म्हण."

म्हणजे हे सगळं सोडून द्यायचं? ते खोटं बोलले ते तसंच राहू द्यायचं, लाल वर्तुळ तसंच, करणीवाला तसंच, आणि मी आपली घरी जाऊन पेज जेवायची? त्यांनी सवयीन म्हटलं आणि झटकून टाकलं. मला तसं म्हणता येणार नव्हतं, मी म्हटलं तर मला ते पाळावं लागणार होतं, आणि मला ते पाळायचं नव्हतं. मला अजून स्वरूपशी बोलायचं होतं, गणपतला त्याचा आवाज ऐकवायचा होता, रेडीच्या त्या माणसाला तर अजून अर्धंच उत्तर दिलं होतं. माझा राग खरा होता. तो माझ्याकडून कोणी असा काढून घेऊ नये, देवाने तर मुळीच नाही. धोंडू तसाच उभा होता, हातांतून पाणी गळतंय, गाऱ्हाण्यात थांबतो तसा थांबलेला, आणि मी म्हणेपर्यंत तो तिथून हलणार नाही हे मला दिसत होतं.

म्हटलं मी. व्हय म्हाराजा. शिवी हासडावी तसं म्हटलं, पण म्हटलं.